निळी खळ

शनिवार, १८ जानेवारी २०२५. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

दुकानाच्या मागच्या खोलीत तांदळाच्या रिकाम्या गोण्या मोजत होतो. एकूण चव्वेचाळीस. पैकी वीस पौंडी छत्तीस, दहा पौंडी आठ. तेवढ्यात रुचाताईंचा मेसेज आला: "दिगंबर, ग्रँट मिळाली!!! असतील तेवढ्या गोण्या घेऊन ये." तीन उद्गारचिन्हे त्यांची.

ही वही आजपासून लिहायची. जे ठरते ते लिहिलेले असावे, म्हणजे मागाहून कुणी नाही म्हणू नये.

रुचा देवस्थळी इथे न्यू जर्सीतच पार्सिपनीला राहतात. पूर्वी आयटीत होत्या, आता गराजमध्ये शिल्पे करतात. संगमरवर, ब्राँझ वगैरे नाही. खोकी, डबे, चमचे, रद्दी, जे कुणाच्याही घरी असते त्याची. दिवाळीच्या सुमारास मी कामाला आहे त्या आयसेलिनच्या किराणा दुकानात त्या रिकाम्या गोण्या मागायला आल्या. मागच्या खोलीत मी केलेला गोणपाटाचा हत्ती होता, गुडघ्याएवढा. त्यांनी तो एका हाताने उचलला, पोटावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "अरे, इतका हलका आणि इतका टणक कसा?"

मी सांगितले, ही अण्णांची पद्धत. अण्णा म्हणजे माझे वडील, राजाराम वाघचौरे. नाशिकला बावीस वर्षे गणपती मंडळांचे देखावे करायचे. तारेचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर रद्दीचे सात थर, आणि हे सगळे धरून ठेवते ती खळ. मैदा, पाणी आणि मोरचूद उकळून करायची. मोरचुदाने खळ निळी दिसते आणि तिला कीड लागत नाही. इथे मोरचूद हार्डवेअरच्या दुकानात मिळते, गटाराच्या नळात शिरलेली झाडांची मुळे मारायला. मी हे सगळे एका दमात सांगितले. त्या दिवसापासून शनिवार-रविवारी त्यांच्याकडे कामाला जातो. तासाला अठरा डॉलर.

हत्तीच्या कानातून आज तारेचे टोक बाहेर आलेले दिसले. तांबूस झाले आहे. गंज समजून कापडाने घासले. गेले नाही.

रविवार, २ फेब्रुवारी.

ग्रँटच्या शिल्पाची बाई ठरली. तांदूळ निवडणारी, जमिनीवर बसलेली, एक गुडघा उभा. बसून सात फूट. सांगाडा पूर्ण माझा. साधी काळी बांधणीची तार, प्रत्येक सांध्याला तीन वेढे.

रुचाताईंचे यजमान सुशांतदादा दोनदा डोकावून गेले. "दिगंबर, ही बाई कधी उठणार ते सांग यार. गाडी बाहेर आहे, रोज स्नो काढून माझे हात गेले."

"सुशांत, ग्रँटची बाई आहे. रिस्पेक्ट दे," ताई म्हणाल्या.

"रिस्पेक्टच देतोय. माझी जागा दिलीय."

खरे ते लिहितो. ताईंनी बाईची मान अशी वळवली आहे की बाईला सुपातला खडा सापडला आहे हे लांबूनही कळते. मला ते जमले नसते. संध्याकाळी अण्णांना मोबाइलवर फोटो दाखवला. ते मिठाईच्या दुकानातल्या कामावरून आल्यावर गरम पाण्यात हात घालून बसतात. दिवसभर खोकी दुमडून बोटे सुजतात. फोटोकडे पाहत म्हणाले, "कंबर जड ठेवलीस ना? बसलेली बाई मागे जाते." ठेवली होती.

रविवार, १६ फेब्रुवारी.

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

इथल्या एका मराठी मासिकासाठी शैलजाकाकू मुलाखत घ्यायला आल्या. मी कोपरापर्यंत खळीत होतो. काकूंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हा कोण गं?"

ताई म्हणाल्या, "हा दिगंबर. उचलायला-बिचलायला मदत करतो. खूप गुणी मुलगा आहे."

उचलायला-बिचलायला.

"आणि हे सगळं तुला सुचलं कसं?"

"माझी आजी पुण्यात रद्दी भिजवून, मेथीची पूड घालून टोपल्या करायची. तिथूनच डोक्यात होतं. मग इथे..."

पुढचे मी ऐकले नाही. बादली धुवायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा चहा झाला होता. माझा कप झाकून ठेवला होता. मी प्यायलो नाही.

टोपली आणि सात फुटांची बाई. मेथी आणि मोरचूद.

मंगळवार, ४ मार्च.

मासिक आले. अर्धे पान, मोठा फोटो. लेख तीन वेळा वाचला, पेन्सिलीने ओळी मोजल्या. एकतीस ओळी. आजी चार ओळींत. "पारंपरिक भारतीय पद्धत" एका ओळीत. वाघचौरे हा शब्द नाही. दिगंबरही नाही. फोटोत माझा डावा हात आला आहे, मनगटापर्यंत. "तल्लीन" हा शब्द चुकीचा छापला आहे.

अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला.

"बरं लिहिलंय," ते म्हणाले.

"अण्णा, हे तुमचं आहे. आजीच्या नावावर घातलंय."

"असेल तिची आजी करत. खळ काय माझ्या बापाने शोधली का? मला सखाराम मिस्त्रीने शिकवली, त्याला कुणी शिकवली ते त्यालाही माहीत नव्हतं."

"पण तुमचं नाव नको का?"

"माझी सांधेदुखी आहे की. तिला नेऊन दे, म्हणावं ही पण छापा." आणि हसले.

मी भांडी घासायला गेलो. वळून पाहिले तर ते मासिक डोळ्यांजवळ धरून बसले होते. फोटो आडवा केला, उभा केला. मग लेखाच्या ओळींवरून हळूहळू बोट फिरवत गेले, शेवटपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. जणू मी वाचताना एखादा शब्द गाळला असेल.

आम्ही इथे आलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. इथल्या आत्याने आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरला तेव्हा सहा. चौदा वर्षांनी नंबर लागला. माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला, अण्णांचे देखावे सुटले. नाशिकला मंडपाच्या फलकावर खाली त्यांचे नाव असायचे. दरवर्षी मी ते नीट लिहिले आहे की नाही बघायला जायचो. एकदा "वाघचवरे" लिहिले होते. मी नऊ वर्षांचा. रंगाऱ्याकडून पुसून घेतले.

रुचाचे नाव मी पुसणार. रंगाने नाही.

बुधवार, ५ मार्च.

रव्याची तीन पाकिटे परत आली. गिऱ्हाईक ओरडून गेले. आत जाळी धरली होती. शेठ म्हणाले फेकून दे. मी मागे नेऊन पाकिटे कात्रीने उघडली आणि चिमट्याने अळ्या वेचल्या. सतरा. पांढुरक्या, डोके तपकिरी. झाकणाच्या लहान डबीत थोड्या रव्यासह ठेवल्या.

विचार पक्का झाला आहे. एक, यापुढच्या खळीत मोरचूद घालायचे नाही. दोन, रंग निळा दिसला पाहिजे, म्हणून केकमध्ये घालतात तो निळा रंग, बादलीला चार थेंब. तीन, डबी उभ्या गुडघ्याच्या आत, झाकण नुसते टेकवून. मैद्याची खळ म्हणजे किड्यांना जेवण. प्रदर्शनाचे उद्घाटन १२ एप्रिलला इथल्या सभागृहात आहे. येत्या शनिवारपासून मोजून पाच आठवडे. लोक हातात ग्लास घेऊन उभे असतील, ताई आजीची गोष्ट सांगत असतील, आणि बाईच्या गुडघ्यातून पतंग निघतील. मग हळूहळू गाल बसतील, बोटे भुसभुशीत होतील. लोक विचारतील, अहो, तुमच्या आजीच्या टोपल्यांना पण कीड लागायची का?

हे वाक्य मी दुकानात दिवसभर मनात म्हणत होतो. एका बाईंना सुट्टे पैसे दोनदा दिले.

शनिवार, ८ मार्च.

केले. सकाळी ११ वाजता डबी गुडघ्यात बसवली, वर गोणपाट, वर तीन थर. खळीचा रंग हुबेहूब. ताई शेजारी उभ्या राहून कपाळ घासत होत्या. त्यांना काही कळले नाही. काम नीट केले. मुद्दाम वाईट थर मी लावू शकत नाही. घडी पडली तर उचलून पुन्हा लावतो.

दुपारी ताईंनी कागद पुढे केला. "दिगंबर, वडिलांचं पूर्ण नाव लिहून दे ना. इंग्लिशमध्ये आणि मराठीत. स्पेलिंग चुकायला नको."

"कशाला?"

"लागतंय मला. आणि मी कितीदा म्हणतेय, त्यांना एकदा घेऊन ये. चार गोष्टी विचारायच्यात."

"त्यांना सुट्टी नसते," मी म्हणालो. अण्णांना मंगळवारी सुट्टी असते. मी त्यांना कधी विचारलेले नाही.

कागदावर प्रत्येक अक्षर सुटे काढून लिहिले. मार्च आहे, टॅक्सचे दिवस. आमच्या नावावर खर्च दाखवून पैसे वाचवायचे असतील. दाखव म्हणावे.

रविवार, २३ मार्च.

काम संपले. शेवटचा थर गोण्यांचा आहे. त्यांच्यावरची छापील अक्षरे, वाघ, ताजमहाल बाईच्या लुगड्यावर आले आहेत. गोण्यांच्या चेनीचा पदराला काठ केला. ती कल्पना माझी. ताई मागे सरकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दिगंबर, हे आपण केलं?"

आपण. मासिकात म्हणायचे होते.

सुशांतदादांनी पिझ्झा मागवला. "उद्यापासून गाडी घरात. दिगंबर, तुझ्या नावाने गराजला कुलूप लावतो, पुन्हा यायचं नाही."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना २८७ हायवेवर एक्झिट चुकला. एक विचार आला तो लिहून ठेवतो: सभागृहात शेजारी एका बाईंची कडधान्यांची चित्रे लागणार आहेत. मसूर, मूग, वाटाणे. त्यांनी माझे काही वाकडे केलेले नाही. पतंग तिकडेही जातील.

शनिवार, १२ एप्रिल.

ताईंनी अण्णांना परस्पर फोन केला होता. अण्णा सकाळी सहापासून तयार होऊन बसले होते. लग्नातला कोट. मी म्हणालो, तुम्ही नका येऊ, गर्दी असते. "मग गर्दी बघायला येतो," म्हणाले.

पावणेतीनला पोहोचलो. साठेक माणसे. बाई मधोमध, वरून दिवा. मी गुडघ्याकडे पाहिले. काही नाही. मग पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीवर तांदळाएवढा पतंग बसलेला दिसला. आनंद झाला. लिहायचे म्हणून लिहितो, त्या क्षणी फार आनंद झाला.

अण्णा बाईकडे गेले नाहीत. आधी खालच्या नावांच्या कागदी पट्टीकडे गेले. मागे हात बांधून वाकले. मीही वाकलो.

वर ताईंचे नाव होते. खाली, तेवढ्याच अक्षरांत: "सांगाडा आणि खळीचे तंत्र: राजाराम वाघचौरे, नाशिक. बांधणी: दिगंबर वाघचौरे." दोन्ही लिप्यांत. एकही चूक नाही.

अण्णा आणखी खाली वाकले. खिशातून चष्मा काढला, लावला, पुन्हा वाचले. मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गोऱ्या गृहस्थांना पट्टी दाखवून म्हणाले, "मी. मी." गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

ताई धावत आल्या. "काका! आलात! मासिकात तुमचं नाव गाळलं त्यांनी. मी सांगितलं होतं हो शैलजाकाकूंना, जागा नव्हती म्हणे. मला इतकं वाईट वाटलं. म्हटलं आता इथे तरी स्वतः लिहिणार."

अण्णा म्हणाले, "नावाचं राहू द्या. मान फार चांगली केलीत." आणि मग ते बाईजवळ गेले, सवयीने बोटाने टिचकी मारायला.

बाईच्या बैठकीखाली, जो भाग मी मार्चमध्ये सगळ्यांत शेवटी लावला होता, तारेचे एक टोक बाहेर होते. अण्णांनी ते पाहिले. अंगठ्याने घासले. मला खूण केली.

"मोरचूद घातलं होतंस?"

"हो."

"मग तार काळी कशी?"

मला कळले नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "मोरचुदाने लोखंडाची तार तांबडी होते रे. तांबं चढतं. तार बघून खळ ओळखायची, रंग बघून नाही. तुला एवढं सांगितलं नव्हतं का मी?"

सांगितले नव्हते. किंवा मी विचारले नव्हते. हत्तीचा कान डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात तो पतंग उडाला आणि बाईच्या खांद्यावर बसला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी खाली पाहिले.

ते सरळ ताईंकडे गेले. मी मागोमाग. साठ माणसे होती, ताईंच्या हातात फुले होती.

"ताई, एक चूक झालीय. माझी. खळ कशी करायची ते मी पोराला अर्धंच सांगितलं. वय झालं. हिला कीड लागणार. लागलीय. इथून हलवा, आजच. त्या डाळींच्या चित्रांना लागायच्या आत."

ताईंचा चेहरा पाहण्यासाठी मी पाच आठवडे थांबलो होतो. पाहिला. त्यांनी फुले खुर्चीवर ठेवली आणि विचारले, "काका, वाचेल का?"

"बघू. तोवर हिच्यावर माझं नाव नको." अण्णांनी खाली वाकून पट्टी सोडवली, कडा न दुमडता, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्यावर ताईंचेही नाव होते. त्यांच्या ते लक्षात आले तेव्हा म्हणाले, "तुमचं नवीन करून घ्या."

रविवार, १३ एप्रिल.

बाई पुन्हा गराजमध्ये. सुशांतदादांनी गाडी बाहेर काढली. "चालायचं," एवढेच म्हणाले.

अण्णा आज मिठाईच्या दुकानात गेले नाहीत. रविवार म्हणजे गर्दीचा दिवस, त्यांनी पहिल्यांदा खाडा केला. सुजलेल्या बोटांत कटर धरून त्यांनीच भोके शोधली. सगळी गुडघ्याकडे जात होती. ताई चहा आणायला घरात गेल्या होत्या. अण्णांनी गुडघा उघडला आणि डबी बाहेर आली. झाकण टेकवलेले. आत रवा, जाळी, रिकामे कोश. डबीवर आमच्या दुकानाचे लेबल. तारीख माझ्या अक्षरात.

त्यांनी डबी उजेडाकडे धरून तारीख वाचली. मला वाटले मारतील. नाशिकला असते तर मारले असते.

"तिच्यासाठी केलंस की माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मग मला विचारायचं होतंस."

ताईंची चाहूल लागली. अण्णांनी डबी अंगातल्या कालच्याच कोटात टाकली, पट्टी आहे त्याच खिशात. ताईंनी विचारले, "सापडलं का काही?"

"गोणीतूनच आलं होतं," अण्णा म्हणाले. "तांदळाची गोणी. चालायचंच."

ताईंनी मला चहा दिला. म्हणाल्या, "दिगंबर, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुझी काय चूक?" त्या क्षणी मला त्यांचा पुन्हा राग आला. आधीपेक्षा जास्त. का ते अजून नीट मांडता येत नाही. चहा मात्र प्यायलो.

गोणपाट आणि कागद सगळा काढायचा ठरला. सांगाडा राहील. पुढची खळ अण्णा करणार, दर मंगळवारी. मला म्हणाले, तू फक्त उचलायला ये.

आज दुपारी ४ वाजेपर्यंतचा हिशोब:

मोरचूद, डबा एक, न फोडलेला: १९ डॉलर ४७ सेंट.
निळा रंग, बाटली एक: ३ डॉलर ९९ सेंट.
रवा, परत आलेला: शेठचा. किंमत लावलेली नाही.
चिमटा: घरचा.
अण्णांचा खाडा: ११२ डॉलर. देणे.
ताईंकडून घेतलेली मजुरी, ८ मार्चपासून, तास चव्वेचाळीस: ७९२ डॉलर. देणे. कसे द्यायचे ते ठरलेले नाही.
अळ्या ठेवल्या सतरा. कोश सापडले अकरा. त्या अकरांतला पतंग सभागृहात दिसला एक. हिशोब न लागलेल्या अळ्या सहा.
पट्टी एक. अण्णांच्या कोटाच्या आतल्या खिशात. ते आंघोळीला गेल्यावर मी पाहिली. त्यांनी ती मासिकाच्या पानात गुंडाळली आहे.